चमचा वाजला की पान उलट

हाँगकाँग
१० मार्च १९८५

मनांग पेमिंग,

पार्सल उघडताना सुरी जपून घाल, वरच पुस्तकं आहेत. पाच आहेत, सगळी चित्रांची. इथे लहान मुलांची पुस्तकं जरा फाटली की सरळ कचऱ्यात जातात, आणि माझा काही टाकायला जीव होत नाही. त्यातलं लाल बुटाचं आधी काढ. एका अस्वलाचा एक बूट हरवतो आणि ते गावभर शोधत हिंडतं. दर पानावर बूट कुठेतरी लपवलेला आहे. आपल्याला दिसतो, त्या येड्यालाच दिसत नाही. शेवटचं पान तेवढं फाटून गेलंय.

सोबत टेप आहे. या सुटीत रोवेनाला रोज दुपारी ऐकव. गोष्ट मी आपल्या इलोकानोतच वाचलीय, इंग्रजीचं नाव नाही. टेपमध्ये पेल्यावर चमचा वाजला की पान उलटायचं. मधेमधे मी गप्प बसते, तेव्हा बूट कुठे आहे ते तिनं बोट ठेवून दाखवायचं आणि लहानपणी हरवलेलं सापडलं की आपण ओरडायचो तसं 'अद्दा!' म्हणायचं. मोठ्यानं म्हणायला सांग. ती लाजेल, पण तू लाजू देऊ नकोस.

मी निघाले तेव्हा ती तीन वर्षांची होती, आठवतं? दारात उभी राहून आंबा खात होती. रडली नाही. तेव्हा बाई मला बरं वाटलं होतं, म्हटलं चला, सुटले. आता तेच रोज आठवतं. ऑगस्टला घरकामाचा करार संपतो. मी येईन तेव्हा तिनं मला ओळखावं, एवढंच माझं मागणं आहे. चेहरा फोटोत आहेच, पण फोटो काय, भिंतीवर पोपचाही आहे. आवाज तिच्या कानात राहू दे.

साबण वापर. कपाटात ठेवू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
निसा


पासुकिन
२ एप्रिल १९८५

निसा,

पार्सल पोचलं. साबण कपाटात ठेवलाय. कपडे कसे छान वासाचे झालेत. तू तिकडून हुकूम सोडलास म्हणून मी इथे हाँगकाँगचा साबण अंगाला फासून मिठाच्या भट्ट्यांसमोरून शाळेत जाऊ काय?

शाळा सुटली. वर्षभर पंचेचाळीस पोरांना अक्षरं गिरवायला लावायची, आणि सुटी लागली की तीच पोरं आपल्याच घराखाली, खांबांमधल्या सावलीला हजर. तुझ्या पुस्तकांची बातमी कुणी फोडली कोण जाणे. चटई टाकली, मधोमध टेप ठेवला, पुस्तक मी हातात धरलं. त्यात पवित्र आठवडा सुरू, मोठा आवाज करायचा नाही, म्हणून टेप अगदी बारीक लावला. अकरा पोरं त्या डब्याला कान लावून पालथी पडलेली. मी म्हटलं, अगं मला वाचता येतं, मी वाचते ना. कुणी ढुंकून बघेल तर शपथ. बावीस वर्षं मास्तरकी केली आणि आता माझं काम काय, तर चमचा वाजला की पान उलट.

रोवेना तिसऱ्या पानापर्यंत बोलली नाही. मग इतक्या जोरात 'अद्दा!' ओरडली की शेजारची म्हातारी इकित सिमा तिच्या ओसरीवरून धावत आली. आता तिला गोष्ट पाठ झालीय. दुपारी निजायच्या वेळी ती टेपवर फडकं घालते आणि मला सांगते, हळू बोल, नानांग झोपलीय. तिची आई म्हणजे आता तो डबा.

एक भानगड झाली. अस्वल ज्या पानावर बर्फात उभं आहे तिथे सगळी पोरं एका सुरात म्हणाली, 'असिन!' आपल्याकडची पोरं, जमिनीवर पांढरा ढीग दिसला की मीठच. मी शिकवायला गेले की बाळांनो, हे मीठ नव्हे, बर्फ. तर इकित सिमाची नात म्हणते कशी, पण टेपमध्ये पण असिनच म्हटलंय. आणि खरंच म्हटलंयस! निसा, तू माझ्याच हाताखाली पहिली शिकलीस, हे कुणाला सांगू नकोस.

शेवटचं पान नाही म्हणून तू गोष्ट तशीच सोडलीस, त्यावरून पोरं माझ्यावर डाफरतात, जसं काही मीच फाडलंय.

आणि विचारायचं राहिलं. वाचताना तुझ्याजवळ कुणी बसलं होतं का? आवाज बारीक होता, कान लावून ऐकत होतो, त्यामुळे असेल. पण मला मधे कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. रोवेना म्हणते, तिच्या आधी कुणीतरी हळूच 'अद्दा' म्हणालं. पोरांच्या काय मनात येईल सांगता येत नाही.

इस्टरला आईबाबांच्या आणि रोवेनाच्या बापाच्या, डेल्फिनच्या नावानं मेणबत्त्या लावीन. डेल्फिनची समुद्राकाठी लावीन, समुद्रानं त्याला परत दिलंच नाही, दुसरी जागाच नाही.

पेमिंग


हाँगकाँग
२० एप्रिल १९८५

मनांग,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग भांडी घासताना मनात तिसऱ्यांदा. फडकं घालते? नानांग झोपलीय म्हणते? मी न्हाणीत जाऊन रडले आणि नळ सोडून ठेवला. मालकीणबाई म्हणाल्या पाणी फार वापरतेस.

जवळ कुणी नसतं गं. दुपारी घर रिकामं असतं, मी एकटीच असते. एखादी खुर्ची करकरली असेल. आणि बर्फाचं म्हणशील तर मी तरी कुठे पाहिलाय? इथेही पडत नाही. चित्रात दिसलं, तोंडातून असिन निघालं. आपल्या घरातून निघाल्यावर पहिलं दिसायचं ते मीठच ना.

ही दुसरी टेप. बसमध्ये बसून बाजाराला जाणाऱ्या कोंबडीची गोष्ट आहे. यात पाहिजे तिथे कोंबडीचा आवाज रोवेनानं काढायचा. स्वतःचा आवाज परत ऐकायला मला कसंतरीच होतं, म्हणून मी टेप तपासत नाही, भरली की पाठवते. काही चुकलं असेल तर समजून घे.

रविवारी आपल्याकडच्या सगळ्या कामवाल्या चौकात जमतो. पुठ्ठे अंथरून बसायचं, भात खायचा, पत्रं वाचून दाखवायची. गेल्या रविवारी मी तुझं पत्र वाचून दाखवलं. साबणापाशी सगळ्या हसल्या, सगळ्यांच्या घरी कपाटातच आहे म्हणे. फडक्याच्या वाक्यापाशी जिनं तिनं आपापली पिशवी आवरायला घेतली.

मनांग, एक मागते. रोवेनाचा आवाज टेप करून पाठव ना. काही का बोलेना. माझ्याकडे तिचा आवाज तीन वर्षांचाच आहे आणि आता ती पाचाची होईल.

निसा


पासुकिन
१२ मे १९८५

निसा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. चौथ्यांदा जे येईल ते पाठवणार.

कोंबडीची टेप आम्ही सगळ्यांसमोर लावली. आता पोरांबरोबर त्यांच्या आयाही येतात, दुपारचं दुसरं करायचं काय. उन्हानं पत्रा तडतडतो, भट्ट्यांवरचे बाप्येसुद्धा चहाच्या निमित्तानं येऊन बसतात. गोष्ट झाली. तू म्हणालीस, 'संपली.' नेहमी टेप बंद होताना खटका वाजतो तो वाजला नाही. आणि मग एक मुलगी बोलली. स्वच्छ, आपल्या इलोकानोत. 'नानांग, मनेन.' आई, पुन्हा. आणि तू म्हणालीस, 'थांब हं बाळा.' मग खटका.

तुझा तो 'बाळा' मला ठाऊक आहे. रोवेना तापानं फणफणली होती तेव्हा ऐकलाय.

इकित सिमानं पंखा उचलला आणि उठता उठता म्हणाली, 'चिनी पोरं आपलं बोलायला कधी लागली गं?' बाकीच्या आपापली पोरं उचलून निघाल्या. त्यांनी बोलायला पाहिजे होतं, मला सोपं गेलं असतं.

तू सांगितलंस चिनी घर आहे, चिनी नवराबायको, दुपारी एकटीच असतेस. तर मग आपली भाषा बोलणारी आणि तुला आई म्हणणारी ही पोर कुणाची? डेल्फिनला जाऊन तीन वर्षं झाली. तू तरुण आहेस. आपल्याकडचा कुणी खलाशी भेटला असेल, बायको मेलेला, पदरात मुलगी असलेला, तर त्यात पाप नाही, मी पाद्र्याला विचारलंसुद्धा. पण खोटं का लिहिलंस? मला नुसतं सांगितलं असतंस तर मी गावाचं तोंड बंद केलं असतं. आता माझंच बंद झालंय.

रोवेनाचं ऐक. मे महिना आहे, रोज संध्याकाळी मुली मारियेला फुलं वाहायला देवळात जातात. ती हल्ली दोन ओंजळी नेते. एक माझी, म्हणते, आणि एक टेपमधल्या मुलीची. चटईवर शेजारी जागा सोडून बसते. काल मला विचारलं, 'नानांगनं तिला माझं नाव सांगितलंय का?' मी म्हटलं, जेव.

तिचं इथे छान चाललंय. जेवते, झोपते, टेप चालते तिला. तुझा तिकडे जीव रमला असेल तर घाई करून यायचं काही कारण नाही. इथे मी आहे.

तिचा आवाज भरून पाठवायला मला सवड झाली नाही.

युफेमिया


हाँगकाँग
३० मे १९८५

मनांग पेमिंग,

तू खाली पूर्ण नाव लिहिलंस. बाबा गेल्याचं कळवलंस त्यानंतर पहिल्यांदा.

खलाशी नाही. कुणीच नाही. असता तर बरं झालं असतं असं एकदा वाटून गेलं, निदान तुझा राग वाया गेला नसता. ती मुलगी माझ्या मालकिणीची, क्वोकबाईंची आहे. तिचं नाव यिंग. रोवेनापेक्षा चारच महिन्यांनी लहान.

मी खोटं बोलले ते एवढंच. दुपारी घरी मी आणि यिंग, दोघीच असतो. तिला निजवायच्या वेळी पुस्तक वाचायचं हे माझं काम आहे. इंग्रजीत वाचायचं, तसं बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून तर त्यांनी आपल्याकडची बाई ठेवली. दिवसभरात माझी म्हणून दुसरी वेळ नाही, मनांग. सकाळी बाजार, मग स्वयंपाक, संध्याकाळी माणसं घरी. टेप भरायची तर तेवढीच दुपार. मग मी काय केलं, यिंगला मांडीवर घेऊन रोवेनासाठी वाचलं. आपल्या भाषेत. तिला म्हटलं, तू गप्प बसून बूट शोध. ती खूप गप्प बसायची. पण किती बसेल? मी 'नानांग वाचतेय' असं टेपमध्ये म्हणायची, तिला वाटलं माझं नावच नानांग. टेप नीट भरता यावी म्हणून आधी सहा महिने मी तिच्यापुढे सराव केला, तेवढ्यात ती सगळं समजायला लागली. आता उत्तरही देते.

तुला खरं का नाही लिहिलं? कसं लिहू? माझ्या मुलीला आवाज आणि दुसरीच्या मुलीला मांडी. हे कागदावर कसं लिहायचं ते तूच सांग, मास्तरीण आहेस.

आता पुढचं ऐक, म्हणजे तुला जरा हसू येईल. यिंगला चांगल्या बालवाडीत घालायचं म्हणून बाई तिला मुलाखतीला घेऊन गेल्या. तिथल्या बाईंनी चित्र दाखवलं, डोंगरावर बर्फ. हे काय आहे? यिंग म्हणाली, असिन. परत विचारलं, परत असिन. तिथे कुणालाच कळेना ही कुठली भाषा. घरी येऊन बाईंनी मला समोर उभं केलं. मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. यापुढे फक्त इंग्रजी, एवढं म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. प्रवेश मात्र मिळाला नाही. तेव्हापासून मी टेप भरलेली नाही.

तरी करार पुढे दोन वर्षं वाढवायचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवलाय. पोर माझ्याशिवाय जेवत नाही, म्हणून असेल. पंधरा जुलैपर्यंत सही करायची. कागद माझ्या खणात आहे. मी करीन म्हणते. रोवेना पहिलीत जाईल, पुढे शिकेल, आणि तूच लिहिलंयस की तिचं छान चाललंय. टेप चालते तिला. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की तिथला कागद मऊ पडलाय.

तिला सांग की यिंगला तिचं नाव माहीत आहे. बूट सापडला की मी रोज म्हणते, रोवेनाला आधी सापडला.

निसा


पासुकिन
१७ जून १९८५

आदिंग, धाकटे माझे,

मी गाढव आहे. हे मी फळ्यावर शंभरदा लिहायला तयार आहे.

तुझं पत्र घेऊन आधी इकित सिमाकडे गेले आणि ओसरीवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. बालवाडीचं असिन ऐकून ती इतकी हसली की दाताची कवळी हातात घ्यावी लागली. मग डोळे पुसून म्हणाली, आपली निसा चिन्यांनासुद्धा मीठ घालून आली. आता गावभर तीच सांगत फिरते. तुझी अब्रू सुखरूप आहे.

माझी तेवढी नाही. तुला एक सांगायचंय, आणि समोर असतीस तर सांगितलं नसतं. टेपमधली ती मुलगी ऐकली तेव्हा मला राग आला, तो खरा. पण रागाच्या खाली मला बरं वाटलं. म्हटलं, तिचा तिकडे संसार झाला, आता रोवेना माझीच. एकेचाळीस वर्षांची झाले, निसा. चाळीस-चाळीस पोरं हाताखालून जातात आणि चार वाजता सगळी आपापल्या घरी जातात. ही एकटीच जात नाही. तिचं छान चाललंय असं मी लिहिलं ते तुला लांब ठेवायला लिहिलं. तिचा आवाज पाठवला नाही त्यालाही सवडीचं कारण नव्हतं. तो ऐकलास तर तू पहिल्या विमानानं येशील, हे मला ठाऊक होतं. ज्या वाक्यावर तू सही करणार आहेस ते वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे.

खरं काय ते लिहिते. ती टेप ऐकते, संपली की उलटी करून ऐकते, पट्टी घासून आता तुझा आवाज बुडबुडल्यासारखा येतो. मी माझ्या मांडीवर ये म्हटलं तर येते, पण पुस्तक आणत नाही. पुस्तक टेपसमोरच उघडते.

परवा तिला यिंगचं सगळं सांगितलं. जसं तू लिहिलंस तसं, मांडीसकट. मला वाटलं रडेल. तिनं नीट ऐकलं. मग तिचे प्रश्न सुरू झाले. यिंगला वाचून दाखवायला दुसरं कुणी नाही? नाही, म्हटलं, तिची आई कामाला जाते. म्हणून नानांग तिथे राहिली? हो, म्हटलं, बरंचसं म्हणूनच. मग म्हणाली, मला कोरी टेप हवी.

शाळेची प्रार्थना भरलेली होती, ती मी दिली पुसायला. देवाला चालेल. तिनं पेला घेतला, चमचा घेतला, लाल बुटाचं पुस्तक घेतलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं, बटणं कोण दाबेल? तर म्हणते, मला येतात, रोज तर बघते. अर्धा तास दार बंद. मी बाहेर कोंबड्यांना दाणे टाकत बसले, त्या बिचाऱ्या खाऊन खाऊन कंटाळल्या. आतून चमच्याचा आवाज येत होता. शेवटी शेवटी इतका जोरात की पेल्याला चीर गेलीय.

ही ती टेप. मी ऐकलेली नाही, तिनं ऐकू दिली नाही. वर तिच्या सांगण्यावरून मी यिंगचं नाव घातलंय. तुझ्यासाठी नाहीये म्हणते, तू नुसतं बटण दाबायचं.

शाळा सुरू झाली. पहिलीच्या बाकावर बसली की हिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. हे तू बघायला हवं होतंस.

पेमिंग


हाँगकाँग
७ जुलै १९८५

मनांग पेमिंग,

टेप शुक्रवारी आली. काल शनिवार. जेवणं झाल्यावर यिंगला म्हटलं, तुझी टेप आलीय, रोवेनानं पाठवलीय. ती आपलं पुस्तक घेऊन आली. लाल बुटाची नवी प्रत आहे तिच्याकडे, पान न फाटलेली. आम्ही जमिनीवर बसलो. मी नुसतं बटण दाबलं.

मनांग, ती माझ्यासारखी वाचते. जिथे मी श्वास घेते तिथे घेते. जिथे मला खोकला आला होता तिथे ती मुद्दाम खोकते, तिला वाटतं गोष्टीतच आहे. चमचा वाजवते आणि वर सांगते, 'यिंग, उलट.' मधे गप्प बसते, यिंग 'अद्दा' म्हणेपर्यंत थांबते, आणि मग म्हणते, 'शाब्बास. मला आधीच सापडला होता.' माझ्या पोरीचा आवाज केवढा मोठा झालाय. जराशी जीभ अडखळते, दात पडलाय का? तू लिहिलं नाहीस.

बाई शनिवारी लवकर येतात. कधी येऊन दारात उभ्या राहिल्या मला कळलं नाही. इलोकानो चाललेलं ऐकून मी उठायला लागले, तर त्यांनी हातानं बस म्हटलं. थोड्या वेळानं विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी मुलगी. काय म्हणतेय? मग मी एकेक वाक्य त्यांना इंग्रजीत सांगायला लागले. अस्वल आलं, पूल आला, मिठाचं पान आलं.

शेवटच्या पानाशी रोवेनानं चमचा फार जोरात वाजवला. तुझा पेला तिथेच गेला. मग म्हणाली, 'इथे माझ्याकडे पान नाही. म्हणून मी सांगते. बूट सापडला नाही. अस्वल म्हणालं राहू दे, आणि एकाच बुटावर घरी गेलं.'

मी हेही बाईंना सांगितलं. मग टेप नुसती फिरत राहिली, मला वाटलं संपलं. तेवढ्यात ती परत बोलली, अगदी डब्याला तोंड लावून. ते जसं आहे तसं लिहिते.

'यिंग, आता तुझ्याकडे पण टेप आहे. रोज लाव. मला चालते, तुला पण चालेल. आता माझ्या नानांगला पाठव.'

खटका तिनं बरोबर दाबला.

बाई म्हणाल्या, काय म्हणाली? तेही मी इंग्रजीत सांगितलं. त्या चप्पल काढायला खाली वाकल्या आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

आणि यिंगनं काय केलं ऐक. ती उठली, टेपच्या मागे जाऊन बघितलं, उचलून खाली बघितलं. मग परत येऊन माझ्या मांडीवर बसली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, 'नानांग, तू वाच.' पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. तिला टेप चालली नाही, मनांग. कुठल्याच मुलीला चालत नसणार. माझ्या मुलीनं चालवून घेतली, रोज दुपारी.

कागद मी बाईंना कोराच परत दिला. विमान एकोणीस ऑगस्टचं आहे. पुस्तकं जड आहेत, ती बोटीनं येतील, मी आधी पोचेन. तू घर सोडून कुठे जायची भाषा करू नकोस, तुझ्या पत्रात ती न लिहिताही मला दिसली. मी वाचीन, तू पानं उलट, आणि चार वाजले तरी ती आपल्याच घरी असेल.

आज सकाळी बाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, सांगायच्याच. जायच्या आधी यिंगसाठी थोड्या टेपा भरून ठेवशील का, म्हणाल्या. तुझ्या भाषेत चालेल.

मी नाही म्हटलं. मनांग, दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरात नाही म्हटलं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, यिंगला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि लाल बुटाचं पुस्तक उघडून दिलं. यिंग आधी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना सुरुवात कुठून करायची कळेना. मग मी पेला घेतला आणि चमचा वाजवला.

निसा